मुंजाबाच्या कडूबाचा मेल

योगिनीला राग आला की तिच्या तोंडातून शहरातलं शहागंज बाहेर पडायचं. एरवी ती सासरच्या माणसांसारखंच 'इथं-तिथं', 'लई', 'नाय' असं बोलायची. पण डोकं फिरलं की माहेरची गल्ली जिभेवर यायची. "मेरे कू नक्को सिखाओ!" असं तिनं एकदा थेट ग्रामसेवकालाच सुनावलं होतं. तेव्हापासून बोरवाडीत सहसा कुणी तिच्या नादी लागत नसे.

तिचे वडील गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडून दाखवण्यात म्हातारे झाले. बी.कॉम. झाल्यावर योगिनीही त्याच दुकानात लागली, पण गादीवर नाही, माळ्यावरच्या कॉम्प्युटरवर. मालकाच्या पोरानं साड्या ऑनलाइन विकायला काढल्या होत्या. प्लसची युक्ती ती तिथंच शिकली. मेलचा पत्ता एकच, पण नावाच्या पुढं अधिकचं चिन्ह टाकून काहीही जोडलं, दुकान+पैठणी म्हणा की दुकान+परत म्हणा, तरी मेल त्याच पेटीत येतो आणि कुठल्या कामाचा आहे ते पत्त्यावरूनच कळतं. मग प्रत्येकाला एक नियम लावून द्यायचा. पैठणीचा मेल पैठणीच्या कप्प्यात, परतीचा परतीच्या. इंग्रजीत त्याला फिल्टर म्हणतात. योगिनी चाळणी म्हणायची.

लग्न होऊन ती बोरवाडीला आली. शेंद्र्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत वळलं की हे गाव लागतं. नवरा सोमनाथ कारखान्यांच्या कँटीनला भाजीपाला पोचवायचा. सासरे तात्यासाहेब गावातले मोठे जमीनदार. निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तिचा मावेजा म्हणजे भरपाई आली, त्यातून स्लॅबचं घर झालं आणि दारात जीप उभी राहिली. उरलेल्या निम्म्या जमिनीला मात्र पाणी नव्हतं. थोरला दीर कडूबा ही उरलेली शेती बघायचा. मळ्यात राहायचा म्हणून गावात त्याला मळ्यातला कडूबा म्हणत.

मळ्यातला म्हणायचं कारण, गावात दुसराही कडूबा होता. मूल जगावं, नजर लागू नये म्हणून ठेवायचं हे नाव, त्या भागात जागोजाग सापडतं. दुसरा कडूबा म्हणजे मुंजाबा मेंढपाळाचा मुलगा. मुंजाबाची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या ज्या गायरानावर चरली ते गायरानही वसाहतीतच गेलं. पण गायरान कुणाच्या नावावर नसतं, त्यामुळे मावेजा मिळाला नाही. तारेच्या कुंपणाआड हिरवं लॉन लावलं गेलं आणि कुंपणाबाहेर मेंढरं बाभळीच्या शेंगा हुंगत फिरायला लागली.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा आला तेव्हा आधीचा पावसाळा कोरडाच गेला होता. विहिरींत खडक दिसत होता. गावाला टँकर यायचा, तोही आला तर. मुंजाबानं निम्मी मेंढरं विकून टाकली आणि तेवढ्यात शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात भरती निघाली. फॉर्म ऑनलाइन. फॉर्मला मेल पाहिजे.

गावात प्रत्येकाच्या हातात फोन होता, त्या फोनमध्ये मेलचा पत्ताही होता, पण तो मोबाइलच्या दुकानदारानं फोन विकताना बनवून दिलेला. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि त्यालाही आता आठवत नव्हता. योगिनीनं घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलेलं होतं. दारात रांग लागली. तेव्हा तिला गुलमंडीचा माळा आठवला.

"मेल माझा देते. तुमचं नाव पुढं जोडते. कुणाचं काय आलं ते मला लगेच कळंल," तिनं सगळ्यांना सांगितलं.

सांडूचा पत्ता योगिनी+सांडू. सखारामचा योगिनी+सखाराम. मळ्यातल्या कडूबाचा योगिनी+कडूबा. आणि मुंजाबाचा कडूबा आला तेव्हा कडूबा हे नाव लागून गेलेलं, म्हणून तिनं त्याला दिला योगिनी+कडूबामुंजाबा. ज्याचा त्याचा कप्पा, ज्याची त्याची चाळणी. गावातली चाळीसेक माणसं अशी एका पेटीत राहायला आली.

मळ्यातल्या कडूबाला मात्र भावजयीला विचारायला जाणं कमीपणाचं वाटत होतं. "माझा मेल सरळ माझ्या फोनवर येऊ दे. दर वेळी तुझ्या दारात उभा राहू काय?" तो म्हणाला. तिनं त्याच्या नियमात तेवढी भर घातली. पत्त्यात '+कडूबा' दिसलं की मेल त्याच्या कप्प्यात टाक, एक प्रत त्याच्या फोनवर पाठव आणि पुढचे नियम बघू नको. मग एक मेल स्वतःच पाठवून बघितला, दिराच्या खिशात फोन वाजला, काम झालं. मुंजाबाच्या कडूबाचा नियम तिनं नंतर दोन दिवसांनी लिहिला. तो तपासून बघितला नाही. रांग मोठी होती.

पुढं मुंजाबाचा कडूबा दर आठवड्याला दुकानात डोकावायचा. डोक्यावर रुमाल, पायात जाड वहाणा, बोलणं कमी.

"आलं काय, वहिनी?"

योगिनी त्याचा कप्पा उघडायची. रिकामा. "नाय आलं. आलं की सांगते ना."

"बरं."

असं बरेच दिवस चाललं. मध्ये सांडूला परीक्षेचं बोलावणं आलं, तिनं स्वतः जाऊन त्याला सांगितलं. मळ्यातला कडूबाही एके दिवशी नवा शर्ट घालून गेला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. ऑपरेटर म्हणून लागला होता. तात्यासाहेबांनी मारुतीला नारळ फोडला. योगिनीनं सगळ्यांना पेढे वाटले, मुंजाबाच्या घरीसुद्धा एक पुडी दिली. ती पुडी पुढं तिला फार सलली.

नोकरीचा पहिला पंधरवडा सरला असेल. एका सकाळी दुकान उघडतंय तोच मुंजाबाची बायको राजाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं कडूबा आणि त्याच्या मागं, आपण कशाला आलो असं वाटणारा, सांडू.

"सांडू, सांग रं हिला," राजाबाई म्हणाली.

सांडू खाली बघत म्हणाला, "वहिनी, परीक्षेच्या दिवशी गेटवर यादी लावली होती. तिच्यात कडूबा मुंजाबा असं नाव होतं. मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं हा आला आसंल, गर्दीत दिसला नसंल. काल ह्यालाच इचारलं तर हा म्हणतो मला बोलावणंच नाय आलं."

"यादीत नाव असंल तर मेल येतोच," योगिनी म्हणाली. "आणि मेल आला तर माझ्याकडं दिसतोच. माझी सिस्टिम चुकत नाय."

"मंग आमच्या पोराचं बोलावणं कुणी खाल्लं?" राजाबाईचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं थांबली. "चाळीस जणांचं टपाल आपल्या पेटीत घिऊन बसलीस. ज्याला द्यायचं त्याला द्यायचं, ज्याचं दाबायचं त्याचं दाबायचं. तुझ्या दिराला बरी लागली नोकरी! आमचं नाव चारलंस त्याला, अन् वर पेढा आणून दिलास व्हय गं आम्हाला?"

"मावशी, तोंड सांभाळून!"

"तोंड? कुरणं गिळली, गायरान गिळलं, आता पोराचं नाव बी गिळलं. तुमच्या घराचं पोट लई मोठं."

योगिनी ताडकन उठली. "बस! बहुत हो गया! मेरे ऊपर इल्जाम नक्को लगाओ! मी तुमच्याकडनं फॉर्मचा पैसा बी घेतला नव्हता!"

"तेच म्हणते मी," राजाबाई म्हणाली, "फुकट कुणी कायच करत नाय."

ती निघून गेली. कडूबा मात्र जाताना एकदाच वळला आणि म्हणाला, "वहिनी, मी दर आठवड्याला येत होतो ना." तो ओरडला असता तर योगिनीला बरं वाटलं असतं.

तिला राग आला होता. खोटं ठरवलं गेलं याचा राग, चारचौघांत ठरवलं गेलं याचा राग, आणि आपण कधीही कुणाचं काही दाबलं नाही याची खात्री असूनही ते सिद्ध कसं करायचं हे माहीत नसल्याचा राग. तिनं दुकानाचा पडदा ओढला आणि पेटी उघडून बसली.

आधी तिनं दुकानाच्या दुसऱ्या पत्त्यावरून सांडूच्या नावानं एक मेल पाठवला. सांडूच्या कप्प्यात आला. सखारामच्या नावानं पाठवला, सखारामच्या कप्प्यात आला. मग पाठवला योगिनी+कडूबामुंजाबा या पत्त्यावर. त्याचा कप्पा उघडला. रिकामा. थोडं थांबून परत उघडला. रिकामाच. मुख्य पेटीत नाही. कचऱ्यात नाही. फालतू जाहिराती जिथं जाऊन पडतात तिथंही नाही. मेल गेला होता, परतही आला नव्हता, आणि कुठं दिसतही नव्हता.

आणि त्याच वेळी बाहेर ओट्यावर फोन वाजल्याचा टुंग असा आवाज झाला.

तिनं पडद्याच्या फटीतून बघितलं. नोकरी लागल्यापासून मळ्यातला कडूबा घरीच राहायला आला होता, आज त्याची दुसरी पाळी होती. तो बाजेवर पडला होता. त्यानं फोन उचलला, बघितलं, अंगठ्यानं तो मेल बाजूला सारला आणि फोन उशाशी ठेवला. चेहऱ्यावर नवल नाही. रोजचं काम असावं तसं.

योगिनीनं नियमांची यादी उघडली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागली. पत्त्यात '+कडूबा' असेल तर. असेल तर! तिनं 'असेल' लिहिलं होतं, 'तेवढंच असेल' असं लिहिलं नव्हतं. कडूबामुंजाबा या नावाच्या तोंडाशीच कडूबा बसला होता. मुंजाबाच्या पोराचा प्रत्येक मेल पहिल्याच चाळणीत अडकून दिराच्या कप्प्यात पडत होता, दिराच्या फोनवर जात होता, आणि 'पुढचे नियम बघू नको' असं तिनंच बजावल्यामुळं मुंजाबाच्या कडूबाच्या नियमापर्यंत कधी पोचतच नव्हता.

तिनं दिराचा कप्पा उघडला. तो सरळ फोनवर जातो म्हणून तिनं तो कधी उघडलाच नव्हता. मेल तिथंच होते. 'कडूबा मुंजाबा, आपली परीक्षा अमुक दिवशी.' 'कडूबा मुंजाबा, येताना ही कागदपत्रं आणा.' 'कडूबा मुंजाबा, आपण येणार असल्याचं कळवा.' प्रत्येकात पूर्ण नाव. बापाच्या नावासकट.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. चूक तिची होती. धडधडीत तिची. राजाबाई ओरडली ते वाऱ्यावर नव्हतं. पण त्यापलीकडं जे होतं ते तिचं नव्हतं, आणि ते बघायचं तिनं ठरवलं. तिनं आणखी एक मेल लिहिला. 'कडूबा मुंजाबा, आपली उद्या सकाळी पुन्हा मुलाखत आहे, जरूर यावे.' पाठवला. पडदा बाजूला करून सरळ दारात जाऊन उभी राहिली.

फोन वाजला. दिरानं उचलला. या वेळी त्यानं नीट वाचलं, ओठ हलवत वाचलं. मग फोन खिशात घातला.

"कुणाचा मेल हो, भाऊजी?"

"कंपनीचा. पाळीचा हाय."

"काय म्हणते कंपनी?"

"पाळी बदलली म्हणते."

मग तिच्या तोंडातून आख्खं शहागंज बाहेर पडलं. "झूट! तो मेल मी पाठवलाय, आत्ता, ह्या हातानं! त्याच्यात मुंजाबाच्या पोराचं नाव हाय, पूर्ण नाव! तुम्ही वाचलं आणि खिशात घातलं. पहिल्या दिवसापासून वाचताय, पहिल्या दिवसापासून खिशात घालताय!"

घरातली माणसं बाहेर आली. सासू लक्ष्मीबाई म्हणाल्या, "अगं, हळू." तात्यासाहेब जीप पुसत होते, ते फडकं हातात घेऊनच आले. सोमनाथ नुकताच भाजी पोचवून परतला होता. सगळ्यांसमोर तिनं सांगितलं. नियम कुठं चुकला तेही सांगितलं, त्यात स्वतःला वाचवलं नाही. दीर आधी नाही म्हणाला, मग 'मला वाटलं माझंच हाय' म्हणाला, आणि मग, "फॉर्म तर मी बी भरला होता. मला बोलावलं नाय, त्याला बोलावलं. गेटवरच्यानं नाव इचारलं, मी म्हणलं कडूबा. त्यानं टिक केली. आत बाबूनं माझाच फॉर्म शोधून काढला, परीक्षा मी माझ्या अकलेनं दिली. पास झालो. ह्यात चोरी कुठली आली?" असं म्हणाला.

"त्यांना कळवलं कुणी, येतो म्हणून? त्याच्या नावाच्या मेलला उत्तर कुणी दिलं?"

त्यानं खिशातला फोन आणखी आत सारला.

तात्यासाहेबांनी फडकं झटकलं. "हे बघ योगिनी. कारखाना उभा हाय तो आमच्या जमिनीवर. मुंजाबाची काय गेली? मेंढरं? नोकरीवर पहिला हक आमचा. कडूबानं घेतली ती परक्याची नाय घेतली."

"मग तुमच्या नावानं मागा की, मामा! जाऊन बसा गेटवर, उपोषण करा, मी येते संगं. दुसऱ्याच्या नावानं शिरायचं आणि हक म्हणायचं?"

"घरातली गोष्ट घरात राहू दे," सोमनाथ हळूच म्हणाला. "दादाची नोकरी जाईल."

योगिनीनं नवऱ्याकडं बघितलं. दिरावरचा राग एक होता. हा राग निराळा होता, आतून जाळणारा. "सकाळी माझ्यावर थुंकून गेली ती बाई," ती म्हणाली. "चोर म्हणाली. तेव्हा कुठं होतं घर?"

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आला म्हणजे आख्खं गाव आलं. पाइप, ड्रम, घागरी, कॅन, भांडणं. राजाबाई रांगेत पुढं होती. योगिनी घागर न घेताच तिथं गेली आणि टँकरच्या चाकाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, ऐका. सगळेच ऐका."

पाइपातलं पाणी ड्रममध्ये पडत होतं म्हणून तिला ओरडूनच बोलावं लागलं. "मुंजाबाच्या कडूबाचं बोलावणं आलं होतं. माझा नियम चुकला, ते मळ्यातल्या कडूबाच्या फोनवर गेलं. चूक माझी हाय. मी तपासलं नाय. पण वाचून गप्प बसायची चूक माझी नाय. ते भाऊजींनी केलं. यादीतलं नाव ह्याचं, आणि गेले ते."

मग एकदम गलका उठला. कुणी म्हणालं बाई वेडी हाय, घरच्या उखाळ्या-पाखाळ्या बाहेर काढते. कुणी म्हणालं बरं झालं. सखाराम म्हणाला, "म्हणजे आमचे बी मेल असेच कुठं गेले काय?" आणि मग पाण्याऐवजी तिच्याभोवतीच माणसांची गर्दी झाली. ज्याला त्याला आपला कप्पा बघायचा होता.

राजाबाई पुढं आली. योगिनीला वाटलं, आता ही काही बरं बोलेल.

"तू सांगितलंस," राजाबाई म्हणाली. "मंग आता? माझ्या पोराला नोकरी दे."

"उद्या कारखान्यात येते मी."

"ये." एवढं बोलून तिनं घागर डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी योगिनी, राजाबाई आणि तिचा कडूबा शेंद्र्याला गेले. गेटवर बराच वेळ बसवून ठेवलं. शेवटी भरतीचं काम बघणारी श्रेया नावाची मुलगी बाहेर आली. वयानं लहान, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. तिनं उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं.

"तुमची चूक, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "एकाच पत्त्यावरून एवढे फॉर्म आले, आम्हाला वाटलं कुणी एजंट आहे. सगळेच बाद करणार होतो."

"एजंट?" योगिनी एक पाऊल पुढं सरकली. "आणि मेल पाठवला एका पत्त्यावर, उत्तर आलं दुसऱ्याच पत्त्यावरून, ते दिसलं नाय तुम्हाला? यादीतलं बापाचं नाव एक, आलेल्या माणसाच्या बापाचं दुसरं, ते नाय दिसलं? एकच नाव बघून आत सोडता?"

श्रेयानं बाटलीचं झाकण लावलं. "त्या दिवशी हजारावर माणसं होती बाहेर. उन्हात. दोन बेशुद्ध पडली. आम्ही नुसतं नाव विचारून आत घेत होतो." तिनं गेटकडं एकदा बघितलं. "जो लागलाय त्याला मी काढायला सांगू शकत नाही. साहेब म्हणतील, परीक्षा त्यानं दिली, काम त्याचं बरं आहे. पण दिवाळीच्या आसपास दुसरी भरती आहे. ह्यांचा नंबर मला द्या. मेल नको. नंबर."

कडूबानं आपला नंबर सांगितला. तिनं तो स्वतःच्या फोनमध्ये घेतला, परत वाचून दाखवला. तिघं परतीच्या वाटेला लागले. कुंपणाच्या आतल्या लॉनवर पाण्याचे फवारे गोल गोल फिरत होते. कडूबा तिकडं बघत म्हणाला, "हे रोजच लावत्यात काय पाणी?"

मुंजाबा उरलेली मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेला. बरोबर कडूबाही गेला. पावसाळा लांबला तसा तिकडचाही चारा संपत गेला. या काळात योगिनीच्या घरात कुणी सरळ बोलत नव्हतं. दीर जेवायला बसला की ती ताट सासूच्या हातात द्यायची. तात्यासाहेबांनी तिचं दुकान बंद करायला सांगितलं. तिनं बंद केलं खरं, पण घरातलं. कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन सोमनाथच्या गाडीत घालायला लावलं आणि फाट्यावर, टायर पंक्चरच्या दुकानाशेजारी, पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. सोमनाथनं सामान उतरवताना मान खाली घातली होती. "दादाला मी बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि वायर जोडायला लागली.

पहिल्या दिवसापासून तिनं प्लसचा पत्ता कुणालाही दिला नाही. जो येईल त्याला त्याचाच मेल काढून द्यायची. पासवर्ड त्यालाच टाकायला लावायची, आणि तो टाकेपर्यंत तोंड फिरवून बसायची. म्हातारे कंटाळायचे, 'तूच टाक की बाई' म्हणायचे. ती भडकायची. "मी का? तुमचं हाय ते. शिका!" लोक म्हणायचे, योगिनी आता लई कडक झाली. रांग मात्र कमी झाली नाही.

दिवाळीच्या आधी श्रेयाचा फोन मुंजाबाच्या कडूबाला गेला. पैठणच्या बाजूला कुठंतरी टेकडीवर त्याला रेंज मिळाली होती. तो मेंढरं बापावर सोडून मिळेल त्या गाडीनं आला, परीक्षा दिली, लागला. राजाबाईनं गावभर पेढे वाटले. फाट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत मात्र आली नाही.

आणि मग जे झालं त्यानं योगिनीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. दोघा कडूबांना एकाच लाइनवर टाकलं. एकच बस, एकच पाळी. पहिले काही दिवस ते बसमध्ये एकमेकांकडं पाठ करून बसले. मग एकदा मशीनमध्ये मळ्यातल्या कडूबाचं बोट सापडता सापडता राहिलं, दुसऱ्यानं बटण दाबून मशीन थांबवलं. त्यानंतर दोघं एका पुडीतली तंबाखू मळायला लागले. सांडूनं ही खबर दुकानात येऊन हसत हसत सांगितली. "झालं, मिटलं त्यांचं."

"त्यांचं मिटलं," योगिनी म्हणाली. "माझं कुणी मिटवलं? भाऊजींनी माझी माफी मागितली? राजाबाईनं चोर म्हणलेलं मागं घेतलं? पुरुषांनी तंबाखू खाल्ली की संपलं!"

सांडू हसायचा थांबला.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी एका दुपारी मळ्यातला कडूबा स्वतः फाट्यावर आला. भविष्य निर्वाह निधीच्या कामासाठी त्याला नवीन मेल काढायचा होता. रांगेत पाच-सहा माणसं होती. तो सरळ पुढं येऊन टेबलाशी उभा राहिला.

"रांग हाय, भाऊजी," ती वर न बघता म्हणाली.

तो मागं जाऊन उभा राहिला. पाळी आली तेव्हा ती त्याच्याशी इतर गिऱ्हाइकांशी बोलायची तेवढंच बोलली. नाव सांगा, जन्मतारीख सांगा, फोनवर नंबर येईल तो टाका. फोन वाजला. त्यानं तो उचलला आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला दिसू नये म्हणून पडद्यावर आडवा हात धरला.

योगिनीनं तो हात बघितला. तिच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. शहागंजचंही आलं, बोरवाडीचंही आलं. रांगेतली माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. दीरही थबकला, त्यालाही कळलं असावं, कारण त्याचा हात फोनवरून हळूहळू खाली आला.

"चुकलंच माझं तेव्हा," तो पुटपुटला, इतक्या हळू की मागच्याला ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं बोला."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग बोलला. मोठ्यानं नाही, पण रांगेतल्या पहिल्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तिला बरं वाटलं नाही. इतके महिने जे ऐकायचं होतं ते ऐकूनही आत काही हललं नाही. तिनं त्याचा मेल काढून दिला, पासवर्ड टाकताना तोंड फिरवून बसली, इतरांकडून घ्यायची तेवढेच पैसे घेतले आणि कागद त्याच्या हातात दिला.

"मावशींना बी सांगा हेच, त्यांच्या दारात जाऊन," ती म्हणाली. "चला, पुढचं कोण?"